निरीक्षण की प्रयोग? ‘यामुळे ते झालं’ म्हणण्याआधी काय तपासायचं

‘रोज सकाळी नाश्ता करणाऱ्या मुलांना परीक्षेत जास्त गुण मिळतात.’ असं वाक्य वाचलं की मन लगेच पुढे धावतं: मुलाला नाश्ता द्यायला लागलो की त्याचे गुण वाढतील. ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिल्यात जे दिसलं तेवढंच सांगितलं आहे. दुसऱ्यात आपण मुद्दाम काही बदललं तर काय होईल, याचा दावा आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर कधी जाता येतं, कधी नाही, आणि वाटेत काय काय तपासावं लागतं, हे इथे क्रमाने घेतलं आहे. आकडेमोड शाळेतल्या टक्केवारीच्या पलीकडची नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर जास्त हाती लागेल.

पायरी १: कोणाला काय मिळालं, हे ठरवलं कोणी?

अभ्यास कितीही मोठा असो, आधी हा एकच प्रश्न विचारायचा. उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात.

ज्याचं त्याने ठरवलं, किंवा परिस्थितीने ठरवलं, आणि संशोधकाने फक्त नोंद केली, तर तो निरीक्षणात्मक अभ्यास. नाश्त्याचं उदाहरण यातलंच. नाश्ता करायचा की नाही ते घराने ठरवलं. ज्या घरात रोज सकाळी वेळेवर खाणं होतं, त्या घरात झोपेची वेळ, अभ्यासाची जागा, पालकांचं लक्ष हेही वेगळं असण्याची दाट शक्यता असते. म्हणजे तुलना नाश्त्याची होतच नाही, दोन प्रकारच्या घरांची होते.

संशोधकाने स्वतः ठरवलं, पण आपल्या अंदाजाने, सोयीने किंवा दयाबुद्धीने, तर तो प्रयोग खरा, पण कच्चा. आणि ठरवण्याचं काम नशिबावर, म्हणजे चिठ्ठीवर, नाण्यावर किंवा यादृच्छिक अंकांच्या यादीवर सोपवलं, तर तो यादृच्छिक प्रयोग. कार्यकारणभाव सांगण्याचा सगळ्यात भक्कम आधार हाच.

फसगत करणाऱ्या खुणा बऱ्याच असतात. रक्ताच्या तपासण्या केल्या, वीस वर्षं पाठपुरावा केला, लाखभर माणसं घेतली, ‘कंट्रोल ग्रुप’ (म्हणजे तुलनेसाठी घेतलेला गट) होता, यातल्या कशानेही अभ्यास प्रयोग ठरत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासातही कंट्रोल ग्रुप असतो. आजारी माणसं आणि निरोगी माणसं घेऊन त्यांच्या जुन्या सवयी विचारणाऱ्या केस-कंट्रोल अभ्यासात तर तो नावातच आहे. म्हणून अहवालातला ‘पद्धत’ हा भाग उघडून वाटप कसं झालं ते वाक्य शोधा. ‘सर्वेक्षणात आढळलं’, ‘नोंदी तपासल्या’, ‘असं करणाऱ्यांमध्ये’ अशी भाषा असेल तर निरीक्षण. ‘यादृच्छिकपणे दोन गटांत विभागलं’ असं असेल तर प्रयोग. असं वाक्यच सापडत नसेल, तर निरीक्षण समजूनच पुढे वाचावं.

एक बारकावा अनुभवी वाचकांच्याही नजरेतून सुटतो: यादृच्छिक प्रयोगाच्या पोटातसुद्धा निरीक्षणात्मक तुलना लपलेल्या असतात. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराच्या रुग्णांना क्लोफायब्रेट हे औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सारखीच दिसणारी कॅप्सूल, यादृच्छिक वाटपाने दिली होती. औषधाच्या गटात ज्यांनी बहुतेक डोस नेमाने घेतले त्यांच्यातले पाच वर्षांत साधारण १५ टक्के दगावले. ज्यांनी डोस चुकवले त्यांच्यातले २५ टक्के. औषध जीव वाचवतं, असं वाटतं ना? आता प्लासिबोचा गट पाहा. तिथे नेमाने घेणाऱ्यांत १५ टक्के मृत्यू, चुकवणाऱ्यांत २८ टक्के. कॅप्सूलमध्ये औषध नव्हतंच, तरी फरक तितकाच मोठा. नेमाने गोळ्या घेणारा माणूस मुळातच वेगळा असतो. गोळी कोणाला द्यायची ते नशिबाने ठरवलं होतं, पण ती नेमाने घ्यायची की नाही ते रुग्णाने ठरवलं. त्यामुळे दुसरी तुलना निरीक्षणात्मकच राहते. गट जसे पाडले तसेच्या तसे शेजारी ठेवले, तर औषध आणि प्लासिबो यांच्या मृत्युदरात सांगण्यासारखा फरक नव्हता.

पायरी २: एकाच प्रश्नावर दोन रचना, आणि त्यांचा फरक

१९५४ साली अमेरिकेत जोनास सॉल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली. अभ्यासाची रचना शिकायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण, कारण एकाच लशीसाठी एकाच वर्षी दोन वेगळ्या रचना वापरल्या गेल्या.

पहिल्या रचनेत दुसरीतल्या मुलांना पालकांच्या संमतीने लस द्यायची आणि पहिली-तिसरीतल्या मुलांशी तुलना करायची, असं ठरलं. दुसऱ्या रचनेत संमती मिळालेल्या सगळ्या मुलांचे यादृच्छिक दोन गट केले: एकाला लस, दुसऱ्याला मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन. कोणाला काय टोचलं हे मूल, पालक आणि निदान करणारे डॉक्टर यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

दर लाख मुलांमागे पोलिओचे रुग्ण असे निघाले. यादृच्छिक रचनेत लस घेतलेल्यांत २८, मिठाच्या पाण्याच्या गटात ७१, आणि संमती न दिलेल्यांत ४६. पहिल्या रचनेत लस घेतलेल्या दुसरीतल्या मुलांत २५, पहिली-तिसरीत ५४, आणि दुसरीतल्या संमती न दिलेल्यांत ४४.

आता ७१ आणि ४६ या आकड्यांवर थांबा. दोन्ही गटांना लस मिळालेली नाही, तरी संमती दिलेल्या घरांतल्या मुलांना पोलिओ जास्त झाला. मिठाच्या पाण्याने पोलिओ होत नाही. फरक घरांचा होता. संमती देणारी कुटुंबं सरासरीने जास्त सुस्थितीतली होती, आणि पोलिओची गंमत अशी की स्वच्छ परिसरात वाढलेल्या मुलाला तो संसर्ग उशिरा गाठतो. कमी स्वच्छ वस्तीतल्या मुलाला अगदी तान्हेपणी, आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असतानाच, सौम्य संसर्ग होऊन जातो आणि पुढे संरक्षण मिळतं.

याचा परिणाम पहिल्या रचनेवर काय झाला ते पाहा. तिच्यात लस घेणारी सगळी मुलं संमती देणाऱ्या, म्हणजे जास्त धोका असलेल्या घरांतली. तुलनेच्या गटात मात्र दोन्ही प्रकारची घरं मिसळलेली, कारण पहिली-तिसरीतल्या पालकांना लशीसाठी विचारलंच नव्हतं. त्यामुळे तुलनेचा आकडा ७१ च्या जागी ५४ वर आला आणि लस होती त्यापेक्षा कमी गुणाची दिसली. असमान गटांची तुलना नेहमी उपायाच्या बाजूनेच झुकते असं नाही. ती विरुद्ध बाजूलाही झुकते. कोणत्या बाजूला झुकेल ते आधी सांगता येत नाही, खरी पंचाईत तीच.

डॉक्टरांना अंधारात ठेवण्याचं कारणही इथेच स्पष्ट होतं. सौम्य पोलिओचं निदान अवघड. समोरच्या मुलाला लस दिली आहे हे माहीत असेल, तर शंकास्पद लक्षणांना ‘पोलिओ नसावा’ म्हणण्याकडे कल जातो, आणि तो प्रामाणिक डॉक्टरचाही जातो. ज्याला उपाय मिळाला त्याला ते माहीत नसेल तर सिंगल-ब्लाइंड. मोजणाऱ्यालाही माहीत नसेल तर डबल-ब्लाइंड.

पायरी ३: प्रयोग स्वतः करायचा असेल तर

बहुतेक चुका वाटपातच होतात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर भागात शाळेतल्या दुधाचा प्रयोग झाला. सुमारे २०,००० मुलं; दहा हजारांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट दूध, उरलेल्या दहा हजारांना नाही. सुरुवातीची निवड चिठ्ठीने किंवा आडनावांच्या अक्षरक्रमाने झाली. पण एक सवलत ठेवली होती: एखाद्या गटात फार धष्टपुष्ट किंवा फार अशक्त मुलं जमा झाली असं वाटलं, तर शिक्षकांनी अदलाबदल करून गट ‘सारखे’ करावेत. शिक्षकांनी माणूस म्हणून जे करायचं तेच केलं. ज्या पोराला दुधाची गरज दिसत होती, ते पोर दुधाच्या गटात गेलं. परिणामी दूध न मिळणारी मुलं सुरुवातीलाच उंचीने आणि वजनाने सरस निघाली. गिनेस कंपनीत काम करणारे आणि ‘स्टूडंट’ या टोपणनावाने लिहिणारे संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये हे दाखवून दिलं.

त्यांनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट पकडली. वजन कपड्यांसकट केलं होतं: पहिलं फेब्रुवारीच्या थंडीत, दुसरं जूनमध्ये. सुस्थितीतल्या मुलाच्या अंगावरचे हिवाळी कपडे जूनपर्यंत उतरले; गरीब मुलाकडे उतरवायला तेवढे कपडे नव्हतेच. म्हणजे वजनकाट्यावर सुस्थितीतल्या मुलाची वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसणार, आणि अशी मुलं दूध नसलेल्या गटात जास्त. वीस हजारांचा आकडाही अशी चूक भरून काढत नाही. नमुना मोठा केल्याने योगायोगाचा भाग घटतो, झुकाव घटत नाही.

यावरून कामाचा क्रम असा लावावा:

१. एकक ठरवा. ज्याला उपाय स्वतंत्रपणे मिळतो तेच एकक. एका ट्रेमध्ये ३० रोपं आहेत आणि खत संपूर्ण ट्रेला घातलं, तर एकक ट्रे. एककांची संख्या ३० नव्हे, १. एका वर्गाला नव्या पद्धतीने शिकवलं तर एकक वर्ग, विद्यार्थी नव्हे. पहिल्यांदाच प्रयोग करणाऱ्याची ही सर्वात नेहमीची चूक.

२. काय मोजायचं, कधी मोजायचं आणि कशाने मोजायचं हे वाटपाआधी लिहून तारीख घाला. एकच मुख्य मोजमाप ठरवा. वीस गोष्टी मोजून त्यातली जुळलेली एक सांगितली, तर ती योगायोगानेही जुळलेली असू शकते.

३. उपायाशी संबंध नसलेले पण ठळक परिणाम करणारे घटक आधी ओळखा आणि त्यांनुसार जोड्या किंवा ब्लॉक, म्हणजे सारख्या एककांचे छोटे संच, करा. खिडकीजवळच्या कुंड्या एक ब्लॉक, आतल्या दुसरा. प्रत्येक ब्लॉकमध्ये वेगळं वाटप. जे ओळखता येतं त्यासाठी ब्लॉक, जे ओळखता येत नाही ते चिठ्ठीच्या हवाली.

४. वाटपाची यादी आधीच तयार करा, आणि ती अशा व्यक्तीने करावी जी माणसांना भरती करणार नाही. दोन गटांना ‘क’ आणि ‘ख’ म्हटलं आणि चारच्या ब्लॉकमध्ये दोन ‘क’ आणि दोन ‘ख’ असतील तर मांडणीचे सहा प्रकार होतात. फासा टाकून एकेक निवडत जा. ब्लॉकचा आकार अधूनमधून बदला, नाहीतर ब्लॉकमधलं शेवटचं नाव कुठे जाणार हे ओळखू येतं.

५. यादी बंद लिफाफ्यांत क्रमांक घालून ठेवा. माणूस पक्का नोंदला गेल्यावरच लिफाफा उघडायचा. एक सोडून एक, जन्मतारीख सम की विषम, सोमवारी आलेले की मंगळवारी आलेले, या युक्त्या यादृच्छिक वाटतात पण नाहीत, कारण पुढचा कोणत्या गटात जाणार हे आधी कळतं. कळलं की ‘हा जरा अशक्त आहे, उद्या बोलावू’ असं होतं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक अंक आणि बंद लिफाफे वापरले ते याचसाठी. क्षयरोगाच्या त्या चाचणीत सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ५५ पैकी ४ दगावले आणि नुसत्या विश्रांतीच्या गटातले ५२ पैकी १४. शंभरेक रुग्णांचाच अभ्यास, पण वाटप चोख.

६. ज्याचं नाव ज्या गटात निघालं, त्याला शेवटी त्याच गटात मोजा, त्याने उपाय अर्धवट सोडला तरी. मघाचं क्लोफायब्रेट आठवा. ‘नीट घेणारे तेवढेच मोजू’ म्हटलं की चिठ्ठीने मिळवलेलं सगळं हातचं गेलं. प्रत्येक गटातून किती गळाले आणि का, हेही लिहा. एका गटातून ५ टक्के आणि दुसऱ्यातून ३० टक्के गळाले असतील, तर उरलेले गट आता सारखे राहिलेले नाहीत.

किती एककं घ्यायची याचा एक ठोकताळा आहे. दोन टक्केवारींची तुलना असेल तर प्रत्येक गटात सुमारे १६ × p × (१ − p) ÷ d² माणसं लागतात. इथे p ही दोन दरांची सरासरी, d हा पकडायचा फरक. दर २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येतो का हे पाहायचं असेल, तर p = ०.१७५, d = ०.०५, उत्तर प्रत्येक गटात साधारण ९२५. खरा फरक तेवढा असेल तर एवढ्या संख्येत तो सापडण्याची शक्यता ८० टक्के. फरक निम्मा पकडायचा तर संख्या साधारण चौपट. चाळीस-पन्नास माणसांत ‘फरक आढळला नाही’ असं निघालं, तर त्याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. चाळणीची भोकं मोठी होती, एवढाच होतो.

योगायोग किती, हे मोजायलाही चिठ्ठीच उपयोगी पडते. आठ कुंड्यांपैकी चार यादृच्छिक निवडून खत घातलं. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार. खतवाल्या चारही कुंड्या सर्वांत उंच निघाल्या. खताचा काही उपयोग नसता, तर नेमक्या त्याच चार निवडल्या जाण्याची शक्यता ७० त एक, म्हणजे सुमारे १.४ टक्के. निवड खरोखर चिठ्ठीने झाली असेल तरच या हिशेबाला अर्थ आहे. आपणच टवटवीत कुंड्या उचलल्या असतील तर १.४ हा आकडा पोकळ.

पायरी ४: प्रयोग नसेल तर गोंधळकारक घटक शोधा

कारण आणि परिणाम या दोन्हींशी नातं असलेल्या तिसऱ्या गोष्टीला गोंधळकारक घटक म्हणतात. शोधण्याची रीत सोपी आहे. कागदावर डावीकडे कारण, उजवीकडे परिणाम लिहा. मग विचारा: हा उपाय निवडायला माणसाला कशाने भाग पाडलं असेल? येणाऱ्या प्रत्येक उत्तरापाशी दुसरा प्रश्न: याच गोष्टीचा परिणामावर थेट प्रभाव पडतो का? दोन्हीकडे ‘हो’ आलं की तो घटक पकडला.

१९८६ साली प्रसिद्ध झालेला मूतखड्याच्या उपचारांचा अभ्यास हातात घेऊ. उघड्या शस्त्रक्रियेत ३५० पैकी २७३ रुग्ण बरे झाले, म्हणजे ७८ टक्के. लहान छिद्रातून खडा काढण्याच्या पद्धतीत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. नवी पद्धत सरस? खड्याच्या आकाराने वेगळं करून पाहा. लहान खडे: उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ (९३ टक्के), छिद्राची २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: उघडी २६३ पैकी १९२ (७३ टक्के), छिद्राची ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्ही आकारांत उघडी शस्त्रक्रियाच पुढे, पण बेरजेत मागे! कारण अवघड, मोठे खडे बहुतेक तिच्याच वाट्याला आलेले.

हे दुरुस्त कसं करायचं? दोन्ही पद्धतींना सारखेच रुग्ण मिळाले असते तर, असा हिशेब मांडायचा. एकूण ७०० रुग्णांत लहान खडे ३५७, मोठे ३४३. उघड्या शस्त्रक्रियेचे दर या सगळ्यांना लावले तर सुमारे ५८३ बरे, म्हणजे ८३ टक्के. छिद्राच्या पद्धतीचे दर लावले तर सुमारे ५४५, म्हणजे ७८ टक्के. आकडे जवळजवळ जागा बदलून बसले.

इथे थांबून ‘म्हणजे उघडी शस्त्रक्रियाच चांगली’ असं मात्र म्हणू नका. हे दोन गट वेगवेगळ्या काळातले होते: उघड्या शस्त्रक्रिया १९७२ ते १९८० मधल्या, छिद्राच्या त्यानंतरच्या. खड्याचा आकार नोंदला होता म्हणून दुरुस्त करता आला. जे नोंदलंच नाही ते कोणतंही सूत्र दुरुस्त करू शकत नाही. ‘वय, उत्पन्न, शिक्षण विचारात घेऊनही संबंध टिकला’ हे वाक्य वाचताना हे ध्यानात असू द्या.

आणि सापडेल तो प्रत्येक घटक हिशेबात ओढायचा नसतो. मीठ कमी खाल्ल्याने पक्षाघात टळतो का हे पाहताना रक्तदाब सारखा असलेली माणसंच एकमेकांशी ताडून पाहिली, तर मिठाचा परिणाम ज्या वाटेने जातो तीच वाट बंद केली. कारणानंतर घडणारी आणि परिणामापर्यंत नेणारी गोष्ट ही कडी असते. तिला सारखं करायचं नाही.

नोंदलेल्या घटकांची दुरुस्ती करूनही निरीक्षण कसं चकवतं याची दोन मोठी उदाहरणं. पाळी गेल्यानंतर संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी, असं अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलं होतं. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन किंवा प्लासिबो यादृच्छिक वाटपाने दिलं. २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. औषधाच्या गटात दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे हृदयविकाराच्या ३७ घटना होत होत्या, प्लासिबोत ३०. तसंच बीटा-कॅरोटीनचं: ते भरपूर असलेली फळं-भाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळत होता, पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला. गोळी म्हणजे भाजी खाणाऱ्याचं अख्खं आयुष्य नव्हे.

उलटा बाणही तपासा, म्हणजे ज्याला परिणाम समजतोय तेच कारण तर नाही ना. नुकतीच सिगारेट सोडलेल्यांत मृत्यू जास्त दिसू शकतात, कारण बरेच जण आजार झाल्यावरच सोडतात. नमुना आला कुठून तेही पाहा; फक्त इस्पितळात दाखल झालेल्यांतच शोधलं, तर एकमेकांशी संबंध नसलेले दोन आजारही जोडीने फिरताना दिसतात, कारण दोन्हींपैकी कोणताही आजार माणसाला इस्पितळात आणतो.

पायरी ५: निसर्गाने किंवा योगायोगाने वाटप केलंय का?

कधीकधी संशोधकाने काही न करताही वाटप चिठ्ठीच्या जवळ जाणारं असतं. १८५४ च्या पटकीच्या साथीत लंडनच्या दक्षिण भागात एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. शेजारच्या घरांनाही वेगवेगळ्या कंपन्यांचं पाणी. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण थेम्स नदीत वरच्या बाजूला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेलं. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी शहरातलंच पाणी देत राहिली. गरीब-श्रीमंत, मोठी-लहान घरं दोन्हीकडे मिसळलेली होती.

लंडनमधले डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांत जाऊन पाणी कोणाचं ते विचारलं. पुष्कळांना माहीतच नव्हतं. तेव्हा त्यांनी पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून पाहायला सुरुवात केली. शहरातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण कित्येक पट जास्त असल्याने पांढरा साका लगेच ओळखू येई. साउथवर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

इथे ‘ठरवलं कोणी?’ याचं उत्तर: पूर्वी कधीतरी टाकलेल्या नळांनी. नळ टाकताना पटकी कोणाच्या मनात नव्हती. असं वाटप सापडलं की निरीक्षणालाही प्रयोगाच्या जवळची ताकद येते. शोधायची जागा म्हणजे सीमारेषा, तारखा आणि सोडती: नियम अमुक तारखेला लागू झाला, आधीचे आणि नंतरचे, प्रवेश सोडतीने दिला, नाव निघालेले आणि न निघालेले. मात्र रेषेच्या अलीकडे-पलीकडे माणसं स्वतःहून सरकू शकत होती का, हे तपासल्याशिवाय विश्वास टाकू नये.

पायरी ६: प्रयोग करताच येत नसेल तेव्हा

कोणालाही तीस वर्षं सिगारेट ओढायला लावता येत नाही. तरी सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आज ठामपणे म्हणतो. ते कसं?

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे आणि इतर आजारांचे रुग्ण ताडून पाहिले. कर्करोगाच्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त २. तितक्याच इतर रुग्णांत २७. मग १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावली धाडली आणि उत्तर दिलेल्या चाळीस हजारांवर डॉक्टरांचा दशकानुदशकं पाठपुरावा झाला. यात सवय आधी नोंदली गेली, आजार नंतर आला. त्यामुळे ‘आजारी माणसाला सवय जास्त आठवते’ हा आक्षेप गळून पडला.

मोठा आक्षेप रोनाल्ड फिशर यांचा होता. यादृच्छिक प्रयोगाचा सिद्धांत ज्यांनी उभा केला तेच म्हणत होते की एखादा जनुकच माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये त्याला हिशेबाने उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांत धोका नऊपट असेल आणि त्याचं सगळं श्रेय एका लपलेल्या घटकाचं असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा किमान नऊपट आढळायला हवा. असा जनुक कोणी दाखवू शकलं नाही. ही कसोटी आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे: धोका १.२ पट असेल तर लहानसा लपलेला घटकही तो उभा करू शकतो. नऊपट किंवा चौदापट असेल तर तसा घटक नजरेतून निसटणं अवघड.

१९६५ मध्ये हिल यांनी तपासायचे नऊ मुद्दे मांडले. त्यातले रोजच्या कामाचे चार: संबंध किती जोरकस आहे, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रीतींनी तोच दिसतो का, कारण आधी आणि परिणाम नंतर आहे का, आणि मात्रा वाढली की परिणाम वाढतो, थांबवली की घटतो का. यातला कालक्रम सोडला तर कोणताही मुद्दा अनिवार्य नाही. खुणा मोजून गुण देण्याची ही यादी नव्हे. प्रत्येक मुद्द्यापाशी विचारायचं ते हे की समोर आलेल्या पुराव्याचा दुसरा काही तितकाच पटणारा उलगडा आहे का.

पायरी ७: निष्कर्षाचं वाक्य

दोन सोडती वेगळ्या ठेवा. अभ्यासात माणसं आली कशी, ही एक. आलेल्यांचं वाटप झालं कसं, ही दुसरी. पहिली यादृच्छिक असेल तर जे दिसलं ते सगळ्या लोकसंख्येला लागू करता येतं. दुसरी यादृच्छिक असेल तर ‘मुळे’ हा शब्द वापरता येतो. स्वयंसेवकांवर केलेल्या चोख प्रयोगात ‘मुळे’ म्हणता येतं, पण ‘सगळ्यांना’ म्हणताना जपून. उलट उत्तम निवडलेल्या सर्वेक्षणात ‘सगळ्यांमध्ये असं दिसतं’ म्हणता येतं, ‘मुळे’ नाही.

क्रियापदांकडे लक्ष ठेवा. ‘वाढवतं’, ‘टाळतं’, ‘कमी करतं’, ‘फायदा होतो’ ही सगळी कारण सांगणारी क्रियापदं आहेत, ‘मुळे’ कुठेही लिहिलेलं नसलं तरी. निरीक्षणासाठी ‘जास्त आढळलं’, ‘सोबत दिसतं’, ‘अशांमध्ये प्रमाण कमी होतं’.

सुरुवातीची बातमी मग अशी लिहावी लागेल: ‘सर्वेक्षणातल्या ज्या मुलांनी रोज नाश्ता करत असल्याचं सांगितलं, त्यांचे गुण सरासरीने जास्त होते, घरची परिस्थिती, झोप आणि पालकांचं शिक्षण यांतला फरक वेगळा काढलेला नाही.’ आणि नाश्त्यानेच गुण वाढतात का हे खरोखर हवं असेल, तर शाळांची यादी करून, आकार आणि आधीचे निकाल यांनुसार जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या कोणत्या शाळेत वर्षभर नाश्ता द्यायचा ते नाण्याने ठरवायचं. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला शाळेचं नाव दिसू द्यायचं नाही. ज्या मुलांनी नाश्ता टाळला त्यांचेही गुण त्यांच्याच शाळेच्या सरासरीत धरायचे. आणि संख्या मोजताना मुलं नव्हे, शाळा मोजायच्या.